श्वानाची निगा : हौस की जबाबदारी?

काडु मल्लेश्वर मंदिराशी व्यंकोजीराजांच्या दानाची स्मृती जोडलेली असल्याने बंगळूरचे मल्लेश्वरम मराठी मनाला परके वाटत नाही. १८९८ च्या प्लेगनंतर आकारास आलेल्या या वस्तीत एकेकाळी ऐसपैस अंगणे होती. आज त्यांपैकी अनेकांच्या जागी सदनिका उभ्या आहेत. अंगणातला राखणदार कुत्रा दिवाणखान्यात आला आणि देशोदेशींच्या जातीही घरोघरी पोहोचल्या. त्यांच्या रूपाचे कौतुक होते. निगेचा विचार मात्र विकत घेताना क्वचितच होतो.

निगा म्हणजे नटवणे, हा मोठा गैरसमज आहे. निगा हा आरोग्याचा भाग आहे आणि ती जातीनुसार बदलते. हस्की, जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. उन्हाळ्यात दयाबुद्धीने त्यांचे केस मुळापासून उतरवले जातात. परंतु तेच केस उन्हापासून त्वचेचे रक्षण करतात आणि एकदा भादरल्यावर पूर्ववत येतीलच असे नाही. त्यांना गरज असते ती नियमित विंचरण्याची. शिह त्झू, ल्हासा अप्सो, पूडल यांचे केस वाढतच राहतात. रोज विंचरले नाहीत तर जटा होतात, कातडी ओढली जाते व आत जखमा चिघळतात. दर महिना-दीड महिन्याने त्यांचे केस कापावेच लागतात. पगचे केस आखूड असले, तरी चेहऱ्यावरच्या वळ्या पुसून कोरड्या ठेवाव्या लागतात. कॉकर स्पॅनियलच्या लोंबत्या कानांत ओल साचली की संसर्ग होतो. नखे कापणे आणि गोचिडांसाठी अंग तपासणे यांतून तर कोणत्याच जातीची सुटका नाही.

कर्ज घेताना शहाणा माणूस आधी हप्त्याचा हिशेब करतो. पिल्लाची किंमत एकदाच मोजावी लागते. वेळेचा आणि पैशाचा हप्ता मात्र दहा-बारा वर्षे चालतो. तो थकला, तर दंड मुक्या जिवाला भरावा लागतो.

कमी निगेचा पर्याय दूर शोधण्याची गरज नाही. कर्नाटकातीलच मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेला मुधोळ हाउंड २००५ साली टपाल तिकिटावर झळकला. त्याच्या आखूड केसांवरून आठवड्यातून एक-दोनदा ब्रश फिरवला तरी पुरते. मात्र जात शिकारी असल्याने त्याला धावण्यास मोकळी जागा हवी. ती नसेल, तर रस्त्यावरचे एखादे देशी पिल्लू घरी आणावे. इथल्या हवेला सरावलेल्या या कुत्र्याच्या अंगावरचे केसही बेताचेच असतात.

तेव्हा कोणते पिल्लू सुंदर दिसते, हा प्रश्न नंतरचा. रोजची पंधरा मिनिटे घरातील कोण देणार, याचे उत्तर आधी मिळावे. ते नसेल, तर पिल्लू न आणणे हीदेखील भूतदयाच होय.