सहाव्या फेरीतला नवखा
अमेरिकी फुटबॉलमधील ऑगस्टचे सराव-सामने गुणतक्त्यात धरले जात नसले, तरी ड्राफ्टच्या, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या क्रमवार निवडीच्या, अखेरच्या फेऱ्यांत आलेल्या नवख्या रनिंग बॅककडे, म्हणजे चेंडू घेऊन बचावफळी भेदत धावणाऱ्या खेळाडूकडे, चाहते ज्या आशेने पाहतात ती भाबडी म्हणता येत नाही. १९९५ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोसने सहाव्या फेरीत, एकूण १९६व्या क्रमांकावर निवडलेल्या टेरेल डेव्हिसने टोकियोतील अशाच सामन्यात प्रथम लक्ष वेधले ते धावून नव्हे, तर किकऑफचा चेंडू परत आणणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला जोरदार धडकेने पाडून. आणि हा तपशील फार मोलाचा आहे, कारण राखीव खेळाडूची संघातील जागा बहुधा अशा दुय्यम मानल्या गेलेल्या कामांवरच ठरते. त्याच मोसमात त्याने १,११७ यार्डांची मजल मारली, तर १९९८ मध्ये २,००८ यार्डांची.