ताळेबंदातले पन्नास 'खोटे' शेतकरी

सोयाबीनचा हंगाम आला की खामगाव, चिखली, मेहकरच्या बाजार समित्यांच्या बातम्या आपण रोज वाचता. आवक किती, भाव किती, ओलाव्यापायी किती कापले. याच बाजारातली एक गोष्ट मात्र बातमीत येत नाही, कारण ती आयकराच्या फायलीत असते. आणि आयकर म्हटलं की आपल्याकडे लोक म्हणतात, ते शेठ लोकांचं पाहणं, आपल्याले काय करा लागते? करा लागते. म्हणून जरा लांब लिहितोय.

समजा, मेहकर तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ४० क्विंटल सोयाबीन विकलं. ४,५०० रुपये भाव धरला तर १ लाख ८० हजार झाले. ८० हजार घेऊन तो गावी गेला, एक लाख व्यापाऱ्याकडेच ठेवले. मुलीचं लग्न आहे, घरी ठेवले तर मोडतात, पतसंस्थेवर भरवसा उरला नाही आणि शेठ वडिलांच्या वेळेपासून ओळखीचा. असे पन्नास शेतकरी धरा. ३१ मार्चला व्यापाऱ्याच्या ताळेबंदात शेतकऱ्यांचं देणं ५० लाख रुपये.

पुढे फाइल तपासणीला निघते. पूर्वी अधिकारी खामगाव-अकोल्याकडे बसायचा. त्याला बाजार माहीत असायचा (आणि बाजारालाही तो माहीत असायचा, हेही खरं, त्या ओळखीतून काय काय चालायचं ते सांगायला नको). २०२० पासून तपासणी चेहराविरहित झाली. अधिकारी देशात कुठंही असू शकतो. तो कलम १३३(६) खाली शेतकऱ्यांना पत्र पाठवतो, तेही इंग्रजीत. पत्त्यावर नाव आणि गाव, एवढंच. एका गावात त्याच नावाचे चार जण असतात. काही पाकिटं परत जातात. काही पोचतात, पण घरच्यांना वाटतं बँकेची नोटीस आहे, आणि ती फळीवर जाऊन पडते. उत्तर कोणाचंच येत नाही.

मग आदेश निघतो. कलम ६८ खाली तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: पैसे देणारा कोण, त्याची ऐपत काय आणि व्यवहार खरा का. आता मला सांगा, शेतकऱ्याची ऐपत कशाला पाहिजे? त्यानं काही रोख कर्ज दिलेलं नाही. त्यानं सोयाबीन दिलं, आणि त्याचेच पैसे घ्यायचे राहिले. माल आला हे खातं मान्य करतं, माल विकला हेही मान्य करतं, त्या विक्रीच्या नफ्यावर कर घेतं. फक्त माल देणारा माणूस खोटा! मग ते सोयाबीन काय गोदामात उगवलं?

आणि शिक्षा केवढी, ते पाहा. नोटबंदी ८ नोव्हेंबर २०१६ ला झाली. पुढच्याच महिन्यात कायदा बदलून अशा 'खुलासा नसलेल्या' रकमेवरचा कर ३० वरून ६० टक्के केला. त्यावर २५ टक्के अधिभार, त्याच्यावर उपकर. हिशेब ७७.२५ टक्क्यांवर गेला, २०१८-१९ पासून ७८ वर. खर्चाची वजावट नाही, तोट्याची नाही. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या ५० लाखांवर ३९ लाख रुपये कर. व्याज आणि दंड वेगळे. क्विंटलमागं किरकोळ मार्जिनवर चालणाऱ्या धंद्यात ३९ लाख म्हणजे शटर खाली. हा दर काळ्या पैशासाठी आणला होता. लागला तो पत्राला उत्तर न देणाऱ्या शेतकऱ्यापायी.

अपील करता येतं, हो. पण वसुली थांबवायला साधारणपणे २० टक्के आधी भरा, म्हणजे ७ लाख ८० हजार. पहिल्या पायरीवर देशभरात पाच लाखांवर अपिलं तुंबली होती. त्याच्या वरची पायरी नागपूरचं न्यायाधिकरण. खामगावहून तीनेकशे किलोमीटर.

बरं, कायदा याबाबत मुका आहे का? नाही. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ओरिसा कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सांगितलं आहे. ती उसनवारीची केस होती. कंपनीनं पैसे देणाऱ्यांची नावं-पत्ते दिले, ते लोक खात्याच्या दप्तरातही होते. समन्स परत आले आणि खात्यानं पुढं काहीच शोध घेतला नाही. कोर्ट म्हणालं, कंपनीनं आपलं काम केलं, एवढ्यावरून तिला दोषी धरता येत नाही. चाळीस वर्षं होत आली, तरी पाकीट परत आलं की रक्कम उत्पन्नात टाकायची सवय गेली नाही.

आता व्यापारी मित्र हा भाग उचलून व्हॉट्सॲपवर फिरवतील. थांबा, तुमचंही आहे.

शेतकऱ्याच्या नावाआड स्वतःचा पैसा लपवणारे आपल्या जिल्ह्यात नाहीत, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? एकाच हस्ताक्षरातल्या वीस पावत्या, मेलेल्या माणसाच्या नावचं देणं, ज्यानं कधी बाजार पाहिला नाही त्याच्या नावचा माल. ही नावं वर्षानुवर्षं ताळेबंदात तशीच पडून असतात. तिथं खात्यानं घासून तपासणी केलीच पाहिजे. कोर्टांची भूमिकाही प्रकरणागणिक बदलते. मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये मोहम्मद हाजी आदमच्या प्रकरणात संशयित खरेदीवर फक्त नफ्यातल्या फरकाएवढी भर मान्य केली. त्याच न्यायालयानं २०२५ मध्ये कनक इम्पेक्सच्या प्रकरणात, जिथं कंपनी तपासणीत सामीलच झाली नव्हती, पूर्ण खरेदीची रक्कम उत्पन्नात धरली. गप्प बसणाऱ्याला आता सूट नाही.

पण खऱ्या व्यापाऱ्याकडे तरी कागद का नसतो? कारण चुकारा लगेच झाला पाहिजे, असा बाजार समितीचा नियम. म्हणून समितीच्या कागदावर चुकारा पूर्ण, आणि ताळेबंदात त्याच शेतकऱ्याचं देणं बाकी! दोन्ही कागद समोरासमोर ठेवले की व्यापारी स्वतःच खोटा ठरतो. शेतकऱ्याला रोख देण्यात अडचण नव्हती. मोठ्या रोख खर्चाची वजावट मिळत नाही, पण शेतमालाच्या चुकाऱ्याला नियम ६ डीडी खाली त्यात सवलत आहे. अडचण होती ती 'तुझे एक लाख माझ्याकडे आहेत' हे लिहून देण्याची. ते लिहायचं नसतं, कारण लिहिलं की द्यावं लागतं.

आणि इथं हा विषय शेठचा राहत नाही. रातोरात दुकान बंद करून पळालेल्या व्यापाऱ्यांच्या बातम्या मी लिहिल्या आहेत. पोलीस ठाण्यासमोर शेतकरी उभे असतात, हातात काटापट्टी, तीही अर्धवट. ठाणेदार विचारतात, पैसे बाकी असल्याचा पुरावा काय? आयकर अधिकारी व्यापाऱ्याला हेच विचारतो. कागद एकच, तो दोघांकडेही नसतो, आणि दोन्हीकडे शेतकरीच नाहीसा होतो.

त्याच शेतकऱ्यानं पुढे ते पैसे उचलून, भावाचे घालून, प्लॉट घेतला की गाठ कलम ६९ शी. खुलासा नसलेली गुंतवणूक. ३० लाखांवरच्या खरेदीखताची माहिती दुय्यम निबंधकाकडून खात्याला आपोआप जाते. पैसे कुठून आणले? शेठकडे होते. शेठचा कागद? नाही. या कलमात 'धरता येईल' असं आहे, 'धरावंच' असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं एर्नाकुलमच्या एका तरुण स्त्रीच्या जमीन-खरेदीत १९९७ मध्येच सांगितलंय. तिचा खुलासा पटला नाही, तरी एवढं उत्पन्न तिचं असणं शक्यच नव्हतं, म्हणून कर लावला नाही. पण हे सांगायला वकील लागतो.

माझं खात्याला म्हणणं एवढंच: पाकीट परत आलं म्हणून आदेश लिहू नका. बाजार समितीकडून लिलावाची आणि काट्याची नोंद मागवा, स्थानिक निरीक्षकाला गावात पाठवा, पत्र मराठीत लिहा. माणूस सापडला नाही तर खुशाल लावा ७८ टक्के. आणि व्यापाऱ्यांनी दर ३१ मार्चला बाकीची चिठ्ठी द्यावी: पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, गट नंबर, रक्कम, दोघांच्या सह्या. चुकाऱ्याच्या नियमाची भीती वाटत असेल तर पैसे ठेवूनच घेऊ नका.

शेतकरी भावांनो, घरात कुठं आयकर खात्याचं पाकीट पडलं असेल तर शोधा. ते तुमच्यावरच्या कराचं असेलच असं नाही. त्यात बहुतेक विचारलेलं असतं की अमक्या शेठकडे तुमचे किती पैसे आहेत. मुलाकडून वाचून घ्या, खरं असेल ते लिहा, सही करा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. शेठ पळाला तर तीच प्रत ठाण्यात दाखवता येईल.