कूस बदलण्याचे शास्त्र

केंद्र सरकारने २०२३च्या अर्थसंकल्पात १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये जाहीर केली. त्यांतून दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर परिचारिका बाहेर पडतील, असे तेव्हा सांगण्यात आले. त्याच वर्षी १९४७च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा नवा आयोग कायदाही संसदेने संमत केला. गरज खरीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगभरात ५८ लाख परिचारिकांची कमतरता आहे. पण नुसत्या जागा वाढवून शुश्रूषा सुधारत नाही. पहिल्या वर्षी शिकवलेले विद्यार्थ्यांच्या हातात किती उतरते, यावर ते ठरते.

त्या वर्षी शिकवतात काय? खाट लावणे, अंग पुसणे, तोंड स्वच्छ ठेवणे, कूस बदलणे, भरवणे, ताप-नाडी-श्वास मोजणे, हात धुणे. ‘हे तर घरोघरी चालते, त्यात शिकायचे काय?’ असे अनेकांना वाटते. हा समज रुग्णाला महागात पडतो.

माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते. बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि काही तासांतच कातडी मरू लागते. माकडहाड, खुबा आणि टाचा यांना धोका अधिक. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. आडवे ठेवून भरवले तर पेज श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून आधी उशाकडची बाजू उंच करायची. श्वास पूर्ण एक मिनिट मोजला, तर रक्तदाब घसरण्याआधीच बिघाडाची चाहूल लागू शकते.

याचा मोठा पुरावा मुंबईतच आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३च्या हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण होऊ दिले नाही, याचे वैद्यकीय जगाला आजही अप्रूप आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या निकालात या शुश्रूषेचा गौरव केला. तिथे ना महागडे यंत्र कामाला आले, ना नवे औषध. पाळीमागून पाळी तीच मूलभूत कामे न चुकता होत राहिली.

आपल्याकडे नेमके हेच आधी सुटते. परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीचा कोणताही मोठा सरकारी वॉर्ड पाहा, हा हिशेब जुळत नाही. मग इंजेक्शने दिली जातात, कारण त्यांची नोंद होते. कूस बदलणे नातेवाइकांवर सोडले जाते. शिकाऊ मुलगी तेच पाहते आणि तेच शिकते.

याची झळ रुग्णालयाच्या फाटकापाशी थांबत नाही. कर्जत स्टेशनाला लागून असलेल्या भिसेगावचेच उदाहरण घ्या. मोठ्या आजारासाठी इथला माणूस मुंबईकडे जातो. पक्षाघाताचा रुग्ण अनेकदा अंथरुणावरच घरी परततो आणि तिथून सून, मुलगा किंवा बायको हीच त्याची परिचारिका होते. माकडहाडाखाली हवेची रिंग ठेवू नये, तिने भोवतीचा रक्तपुरवठा आणखी घटतो. लाल झालेली जागा चोळू नये, आतली इजा वाढते. चादर ओली किंवा चुरगळलेली राहू देऊ नये. या गोष्टी त्यांना कोणी सांगायच्या? डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी असते, हे नसते.

म्हणून नव्या महाविद्यालयांना मान्यता देताना इमारतीबरोबर तीन गोष्टी तपासाव्यात: विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष किती खाटा मिळतात, खाटेपाशी उभे राहून शिकवणारे किती आहेत आणि त्या वॉर्डात किती रुग्णांना शय्याव्रणे होतात. रुग्ण घरी नेणाऱ्यांनीही संकोच न करता सिस्टरना एवढे म्हणावे, ‘कूस कशी बदलायची, आमच्याकडून एकदा करून घ्या.’