केकला चुना कशाला?

नाताळच्या फ्रूट केकवर रॉयल आयसिंग थापणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. आठवडेच्या आठवडे ब्रँडीत मुरलेले बेदाणे, मनुका, संत्र्याची साल... आणि वरून काय, तर अंड्यातला पांढरा भाग नि पिठीसाखर यांचा गिलावा! वाळला की सुरी चालत नाही. (दातांचं तर सोडाच.) म्हणे, त्यानं केक टिकतो. अहो, तो टिकतो मुख्यतः पोटातल्या सुक्या मेव्यानं आणि ब्रँडीनं!

मग सजवायचा कशानं? स्कॉटलंडचा डंडी केक बघा. सोललेले बदाम वर गोलात गोल मांडून ओव्हनमध्ये जातो, बस्स. तेव्हा राहून गेलं तर जर्दाळूचा जॅम गरम करून गाळा, भाजलेल्या केकवर ब्रशनं लावा, अक्रोड आणि पाकातल्या चेरी दाटीनं बसवा, वर जॅमचा आणखी एक हात. काय चकाकतो! आयसिंगची पिशवी राहू दे फडताळात.