‘डायरेक्ट करून देऊ का, साहेब?’

रेडिएटरचा पंखा चालत नाही म्हणून गाडी गॅरेजमध्ये न्या. दहा मिनिटांत निकाल लागतो. "साहेब, सेन्सर गेलाय. पंखा डायरेक्ट करून देतो, टेन्शनच नाही!" म्हणजे काय, तर सेन्सर, कंट्रोलर सगळं वगळून पंखा सरळ इग्निशनवर जोडायचा. चावी फिरवली की पंखा सुरू. आणि आपण खूश, कारण सेन्सरचे पैसे वाचले!

आपण म्हणजे कोण? दुसऱ्याच्या कोडमध्ये रिकामा कॅच ब्लॉक दिसला की कपाळाला हात लावणारे लोक. अहो, डायरेक्ट पंखा म्हणजे दुसरं काय आहे? एरर आली, गिळली, प्रोग्रॅम पुढे चालू.

मुळात पंखा न लागणं हे लक्षण आहे, रोग नव्हे. सेन्सर खरंच गेला असेल. पण कदाचित कनेक्टर गंजला असेल, रिले चिकटला असेल, किंवा कूलंट इतकं कमी झालं असेल की सेन्सर नुसत्या हवेत लटकतोय. यातलं काहीही न तपासता वायर जोडणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. गळती चालूच राहते, आणि एक दिवस हेड गॅस्केट जातं. मग वाचलेल्या पैशांच्या कित्येक पट बिल.

"पण साहेब, पंखा सतत चालला तर इंजिन थंडच राहील ना?" इंजिन म्हणजे फ्रिज नाही हो! त्याला साधारण 90 अंशांच्या आसपास राहायचं असतं. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर तो इंजिनाला फार थंड होऊ देत नाही, पण बऱ्याच ठिकाणी "आपल्या हवेत काय गरज?" म्हणून तोही काढलेला असतो. मग हायवेवर इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि ऑइल लवकर खराब होतं. शिवाय पंखा 15 अँपिअर घेतो असं धरलं, तर 12 व्होल्टला झाले 180 वॉट, तेही अखंड. मोटर लवकर झिजते, आणि बंद पडते ती नेमकी ऐन ट्रॅफिकमध्ये.

मग करायचं काय? आधी मल्टीमीटर काढायचा. नव्या गाडीत पंखा ईसीयू चालवतो, तिथे मूळ पार्टच बसवा. जुन्या गाडीचा पार्ट मिळत नसेल, तर नॉबवाला कंट्रोलर बसवा. तो लावणं अवघड नाही, पण नॉब अंदाजपंचे फिरवू नका. प्रोब इंजिनाच्या बाजूला असेल आणि थर्मोस्टॅट 82 ला उघडणारा असेल, तर 95 ला चालू, 90 ला बंद, हे सेटिंग ठीक. बंद होण्याचा आकडा 82 च्या खाली ठेवलात तर पंखा बहुधा बंदच होणार नाही, कारण थर्मोस्टॅट तापमान तिथवर उतरूच देत नाही. म्हणजे पैसे घालून पुन्हा डायरेक्टच! दोन आकड्यांत पाचेक अंशांचं अंतर हवं, नाहीतर रिले टकटक करत बसतो. पंख्याचा करंट रिलेमधून, योग्य फ्यूज आणि जाड वायर लावूनच न्यायचा. आणि एसी लावला की पंखा लागलाच पाहिजे, ती जोडणी विसरू नका.

मग एसी बंद ठेवून गाडी आयडलवर उभी करा. काटा स्थिर राहून पंखा दोन-तीनदा आपोआप चालू-बंद झाला, तर काम झालं. चालू झाला पण बंदच होत नसेल, तर सेटिंग खाली आहे किंवा रेडिएटर चोंदलाय.

खंबाटकी घाटात रात्री अडकलात तर जरूर डायरेक्ट करा आणि घरी या. हॉटफिक्सला माझा विरोध नाही. विरोध आहे तो हॉटफिक्सलाच रिलीज समजण्याला. मेकॅनिकला दोष देऊन तरी काय उपयोग? गिऱ्हाईक 'का बिघडलं' हे विचारतच नाही, फक्त 'कधी मिळेल' एवढंच विचारतं. पुढच्या वेळी पहिला प्रश्न आधी विचारा. अर्धा तास जास्त जाईल. जाऊ दे.