गाडीतला सीबी रेडिओ: बोलाल, पण ऐकणार कोण?

माझ्या भाच्याचे दोन पिकअप आहेत. हंगामात रत्नागिरीहून कोल्हापूरला आंबा जातो, बहुतेक रात्रीचा. आंबा घाटात मोबाइलची रेंज जाते आणि पुढच्या गाडीचे काय झाले ते मागच्या गाडीला कळत नाही. त्याने कुठल्या तरी अमेरिकन व्हिडिओत ट्रकवाल्यांना माइकवर गप्पा मारताना पाहिले आणि मला म्हणाला, "खाला, याला लायसन लागत नाही, रिचार्ज लागत नाही. दोन्ही गाड्यांना बसवू का?" मी भाषा शिकवणारी बाई, पण घरात कायदा आणि माहितीपत्रक वाचायचे काम माझ्याकडेच येते. म्हणून वाचले. माझे मत थोडक्यात असे, की वस्तू वाईट नाही. ती ज्या आशेने विकत घेतली जाते ती आशा चुकीची आहे.

अमेरिकेत हा रेडिओ का चालला ते आधी पाहू. २७ मेगाहर्ट्झच्या आसपासची ही सोय सामान्य माणसाला १९५८ मध्ये मिळाली, पण तिचे वेड लागले ते १९७३ च्या तेलटंचाईनंतर. डिझेल कुठल्या पंपावर मिळते, ताशी ५५ मैलांची नवी वेगमर्यादा पाळली जाते की नाही हे बघायला पोलीस कुठे उभे आहेत, हे ट्रकवाले एकमेकांना सांगू लागले. गर्दी इतकी झाली की १९७७ पासून २३ ऐवजी ४० चॅनेल आले. १९ नंबरचा चॅनेल रस्त्याचा, ९ नंबरचा संकटाचा, अशी रीत पडली. प्रत्येकाने आपल्याला एक टोपणनाव घेतले. आपल्या शायरांच्या तखल्लुससारखेच, फक्त इथे मुशायरा ट्रकमध्ये! आणि मुशायऱ्यासारखाच नियम: एकाने बटण दाबले की बाकीच्यांनी ऐकायचे.

म्हणजे तिथे रेडिओ उपयोगी पडला तो रस्त्यावर हजारो लोक आधीच ऐकत होते म्हणून. आपल्या घाटात रात्री दोन वाजता ९ नंबरवर मदत मागितली तर ऐकणारे कोणी नाही. ना पोलीस चौकी, ना रुग्णवाहिका, ना मागून येणारा ट्रक. आपल्याकडे ट्रकवाले हॉर्नने, डिपरने आणि हात बाहेर काढून बोलतात. अपघातात उपयोग होईल म्हणून जो हा सेट घेईल त्याला खोटा धीर मिळेल, आणि खोटा धीर घाटात महाग पडतो.

आता "लायसन लागत नाही" या वाक्याबद्दल. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून परवान्यातून मोकळा आहे, कमाल ५ वॅटपर्यंत. पण सूट पट्ट्याला आहे, खोक्याला नाही. अमेरिकन ४० चॅनेलच्या सेटवरचे २८ ते ४० हे तेरा चॅनेल आपल्या पट्ट्याबाहेर जातात. २८ वा चॅनेल २७.२८५ वर आहे, म्हणजे कुंपणाच्या जेमतेम पलीकडे. शिवाय उपकरणाला सरकारी मान्यता हवी, आणि अँटेनाबद्दल काय अट आहे ते त्या मान्यतेच्या कागदावरच बघावे. दुकानदाराच्या तोंडी हमीला इथे किंमत नाही. स्वस्त वॉकीटॉकी तर आणखी वेगळ्याच लहरींवर चालतात. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशी विक्री करणाऱ्या ऑनलाइन बाजारांना नोटिसा काढल्या, त्या याच गोंधळामुळे.

सेट घ्यायचाच तर लोक वॅट विचारतात, चॅनेल विचारतात. विचारायचे असते अँटेनाबद्दल. या लहरीची लांबी सुमारे अकरा मीटर, म्हणून गाडीवरची पूर्ण पाव लांबीची काठी पावणेतीन मीटर होते. ती घेऊन आमच्या गल्लीत विजेच्या तारांखालून कोण जाणार? मग आखूड, गुंडाळी घातलेली काठी येते आणि पल्ला कमी होतो. सपाट रस्त्यावर पाच-सात किलोमीटर मिळाले तर चांगले म्हणायचे. घाटाच्या वळणात मधे डोंगर आला की त्याहून बरेच कमी. चुंबकाची बैठक केबिनच्या लोखंडी टपावर मधोमध ठेवावी, फायबरच्या टपावर ती चिकटणारही नाही. आणि लावल्यावर एसडब्ल्यूआर मीटरने तपासून घ्यावे. आकडा दीडच्या आत असला तर उत्तम, तीनच्या वर गेला तर सेटचे आतले भाग जळू शकतात. पिकअपची बॅटरी १२ व्होल्टची असते, पण मोठ्या ट्रकची बहुधा २४ ची. १२ चा सेट तिथे थेट जोडला तर पहिल्याच दिवशी धूर.

आणखी एक. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात धरून वापरायचे संपर्क साधन धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. तारेला लटकणारा माइक हातातच धरावा लागतो. त्यामुळे बोलायचे ते क्लीनरने. एकटा ड्रायव्हर असेल तर हा सेट त्याच्या कामाचा नाही, मग तो कितीही चांगला असो. आणि बोलणे उघड्यावर असते, घरातले भांडण किंवा गाडीतली रोकड यांचा उल्लेख तिथे नको.

तरी भाच्याला मी साफ नको म्हटले नाही. दोन गाड्या एकत्र निघतात, दोघांकडे क्लीनर आहे, चॅनेल आधी ठरलेला आहे, तर "पुढे दरड आली आहे, थांब" एवढे सांगायला हा रेडिओ मोबाइलपेक्षा बरा. लग्नाच्या चार-पाच गाड्या एकामागून एक जातात तेव्हाही. पण आधी मान्यतेचा कागद बघायचा, आणि पैसे देण्याआधी दिवसाउजेडी एकदा घाटात दोन सेट लावून कुठल्या वळणापर्यंत आवाज येतो ते वहीत लिहून ठेवायचे, असे सांगितले आहे. साखरप्याला आणि मलकापूरला पोहोचल्यावर घरी फोन करायचा हा जुना नियम चालूच राहील.