पायाखालची जमीन

घर बघायला आलेले पाहुणे भिंतींचा रंग बघतात, पडद्यांचं कौतुक करतात, स्वयंपाकघरातली कपाटंही उघडून बघतात. पायाखाली मात्र कुणाचं लक्ष जात नाही. गेलंच तर ‘वा, काय चकाचक आहे हो!’ एवढं म्हणून मंडळी पुढे सरकतात. आणि गंमत म्हणजे फरशी निवडताना आपणही तेवढंच बघतो. ती चकाकते किती!

हे सुचायचं कारण आमच्या साताऱ्याच्या घरातली फरशी. वडिलांनी १९६८ साली घर बांधलं तेव्हा सगळीकडे शहाबादी घातली. शहाबाद हे कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातलं गाव. तिथली ही करडी, निळसर फरशी मराठी घरांच्या इतकी अंगवळणी पडली, की तिला गावाचं नाव आहे हेसुद्धा आपण विसरलो. पन्नास वर्षांत तिच्या दर्जा उघड्या पडल्या, फटींतून मुंग्या निघू लागल्या. गेल्या वर्षी भावाने ठरवलं, वरून चकचकीत टाइल बसवून टाकायची.

मी पुण्याहून फोनवर व्याख्यान सुरू केलं. दगडाचा गारवा, वडिलांची आठवण वगैरे. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘भाऊजी, तुम्ही दिवाळीला चार दिवस येता. त्या फटी रोज मी पुसते.’’

मी गप्प झालो. आजोळच्या शेणाने सारवलेल्या जमिनीचं मी कौतुक करायचो, तेव्हा आईसुद्धा असंच म्हणायची, ‘‘वास छान होता खरा, पण कंबर कुणाची मोडायची?’’ दगड, लाकूड, वीट यांचे गोडवे गाणारे आणि ते पुसणारे हात बहुतेक घरांत वेगवेगळे असतात. म्हणून माझं आता स्पष्ट मत झालं आहे, की फरशीचा रंग ठरवण्याआधी घरात बसून एक प्रश्न विचारावा: ही रोज पुसणार कोण? त्याचं उत्तर ‘आम्ही सगळे’ असं येत असेल, तरच नैसर्गिक फरशीच्या वाटेला जावं.

आणि खरं सांगायचं, तर आमच्या फरशीची निम्मी वाट मीच लावली होती. कॉलेजात असताना एका सुट्टीत मी आईला मदत म्हणून स्वयंपाकघरातल्या डागांवर संडास धुण्याचं ॲसिड ओतलं. फेस उसळला. मला वाटलं, मळ निघतोय. निघत होता तो दगड! शहाबादी, कोटा, तांदूर, कडप्पा ही सगळी चुनखडीच्या दगडाची भावंडं. संगमरवरही त्याच गोत्रातला. आम्ल पडलं की तो विरघळतो. ॲसिडने झटक्यात होतं तेच लिंबू, चिंच, व्हिनेगर हळूहळू करतात. ग्रॅनाइटची गोष्ट वेगळी, तो असल्या आंबटाला सहसा दाद देत नाही. चुनखडीच्या फरशीवर कोकमाचं सार सांडलं, तर मात्र जेवण संपायची वाट न बघता पुसावं. तेल सांडलं तर वर पीठ किंवा खडूची भुकटी टाकून ठेवावी, ती तेल ओढून घेते. रोजच्याला आधी नीट केर काढावा, कारण चपलांबरोबर आलेली वाळू पॉलिश पेपरसारखी फरशी घासते. मग साधं पाणी, अधूनमधून सौम्य साबण. याहून जास्त लाड तिला लागत नाहीत.

लाकडाचं उलटं. जुन्या वाड्यांच्या माडीवर सागाच्या फळ्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, त्या कुणी त्यांच्यावर बादल्या ओतल्या नाहीत म्हणून. लाकडाला घट्ट पिळलेलं फडकंच बरं. पावसाळ्यात ते फुगतं, म्हणून भिंतीशी थोडी फट सोडावी लागते. वाळवीवर डोळा ठेवावा लागतो तो वेगळाच. कोकणातल्या तळमजल्यावर ही हौस करण्याआधी दहादा विचार करावा.

विटेची जागा अंगणात किंवा व्हरांड्यात. ठोकल्यावर खणखणीत वाजेल अशी पक्की भाजलेली वीट घ्यावी आणि पाण्याला उतार ठेवावा. पावसाळ्यात शेवाळ धरतं, ते ताठ ब्रशने घासावंच लागतं. पांढरा लोणा आला, तर तो कोरडाच झाडावा. त्यावर पाणी मारलं की क्षार पुन्हा आत मुरतात. स्वयंपाकघरात मात्र साधी वीट नको, ती तेल पिते.

मी टाइलच्या विरुद्ध नाही. पुसायला सोपी, डाग धरत नाही, हे कबूल. न्हाणीघरात खरखरीत टाइल घालावी, खुशाल.

आमच्याकडचा निर्णय शेवटी आईच्या काठीने झाला. कंत्राटदाराने नमुन्याची टाइल आणून जमिनीवर ठेवली होती. तिच्यावर पाणी सांडलेलं. एक्याऐंशी वर्षांच्या आईने काठी टेकली, ती सर्रकन सरकली. वहिनींनी धरलं म्हणून बरं. आई काहीच बोलली नाही. तिने काठी उचलून शेजारच्या शहाबादीवर ठेवली. तीही ओलीच होती, पण काठी तिथे टिकली.

‘‘राहू द्या हीच,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘पण दर्जा नीट भरून द्या. आणि पुसायचे वार वाटून घ्या.’’

मग जुन्या दर्जा खरवडून नव्याने भरल्या. फरशी मशीनने बेताची घासून घेतली, मुद्दामच आरसा केला नाही. मुंग्या गेल्या. रविवार आणि बुधवार भावाकडे आले. मी गेलो की फडकं माझ्या हातात येतं. ओट्याजवळचा ॲसिडचा डाग घासूनही पुरता गेलेला नाही. पुसताना तिथे आलो की वहिनी हमखास म्हणतात, ‘‘भाऊजी, तिथे जरा जोर लावा.’’